बर्फ कारखान्याचा फुलबॅक

विश्राम तांडेलला मी जेवढा पाठमोरा पाहिलाय, तेवढा त्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. मी गोलकीपर आणि तो माझ्यापुढचा फुलबॅक. त्याची पाठ म्हणजे कपाटाचं दार. त्या दारामुळे आमचे निम्मे सामने मला दिसलेच नाहीत. घरी गेलो की माझी आई विचारायची, "काय रे बळवंत, कसा झाला खेळ?" मी सांगायचो, "विश्रामला घाम बराच आला होता. म्हणजे चुरशीचा झाला असावा."

विश्राम मूळचा दातिवऱ्याचा. बापाची होडी होती, घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी, आणि आडनाव तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. या तांडेलाच्या पोराला समुद्र सोसत नव्हता. होडीनं किनारा सोडला की ह्याचं पोट तोंडाशी यायचं. बापानं लिंबू चघळायला दिलं, आलं दिलं, देवाला नवस बोलून पाहिला. एकदा तर दोरानं डोलकाठीला बांधून नेला. त्या दिवशी डोलकाठीसकट सगळं धुवावं लागलं. शेवटी बाप म्हणाला, "तू जमिनीवरच ऱ्हा बाबा. होड्यांना बरफ आनून दे."

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सातपाटीकडे बर्फ मिळेना, म्हणून विश्राम टेम्पो घेऊन बोईसरला आमच्या कारखान्यावर आला. बर्फाचा हा कारखाना बेहरामशेठ इराण्याचा, कुंभवलीच्या अंगाला. मी पामहून सायकलनं यायचो आणि तिथला कॉम्प्रेसर चालवायचो. शेठ काठीसारखा सडपातळ, आणि जीव सगळा हॉकीत. नोकरीला ठेवताना मला त्यानं आधी उंची विचारली, मग हात पसरायला लावले, आणि सगळं झाल्यावर दारातून हाक मारून विचारलं, "अरे हां, मशीन चालवता येते ना?" पाळी सुटली की कारखान्यामागच्या मैदानावर आम्ही सगळ्यांनी हॉकी खेळायची, हा नोकरीतलाच भाग होता.

विश्राम त्या मैदानाच्या कडेला उभा राहून आमच्या बर्फाच्या लाद्या काढणाऱ्याशी वाद घालत होता. एका लादीला मधोमध भोक पडलं होतं. इतक्यात आमच्या सेंटर फॉरवर्डनं मारलेला चेंडू सुसाट आला आणि विश्रामच्या नडगीवर बसला. ठक्क! आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर विश्राम एका पायानं दुसऱ्या पायाची नडगी खाजवत म्हणत होता, "ही लादी मी नाय घेनार. पैसे पूर्ण लादीचे आनि मदी हवा?"

शेठ धावत आला. "अरे, तुला लागलं नाय?"

"काय?"

"बॉल!"

"कुटला बॉल?"

शेठनं चेंडू उचलून चहूबाजूंनी पाहिला, फुटलाबिटला तर नाही ना म्हणून. मग म्हणाला, "तू माणूस छे के भिंत? माझ्याकडे कामाला येतो?"

"बरफ उचलायचं काम?"

"नाय रे डिकरा. उभं राहायचं काम."

विश्रामनं बराच विचार केला. "बसायचं नाय?"

"सुट्टीत बस."

तेवढ्यावर सौदा ठरला. पण या बोलण्यात दुपार कलली होती. टेम्पो दातिवऱ्याला पोचला तेव्हा लाद्यांच्या विटा झाल्या होत्या. बापानं म्हणे एकेक वीट हातात घेऊन मोजली.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं, विशेषतः माझं. हॉकीत चेंडू पायानं अडवला तर फाउल होतो. विश्रामला हे पटेचना. समोरून चेंडू आला की तो शांतपणे नडगी पुढे करायचा, पंच शिट्टी फुंकायचा, आणि समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळायचा. मग त्या शॉर्ट कॉर्नरचा मारा अंगावर घ्यायला मी. विश्राम पंचाकडे जाऊन गंभीरपणे विचारायचा, "अडवायचा म्हनता, आनि पायानं नको म्हनता. पन पाय माजाच हाय ना?" पंच पुन्हा कॉर्नरकडे बोट दाखवायचा. शेवटी शेठनं युक्ती सांगितली. काठी नडगीपुढे उभी धरायची आणि मग नेहमीसारखं उभं राहायचं.

तिथून विश्रामचं नाव झालं. धावणं त्याला ठाऊक नव्हतं. बाकीचे फुलबॅक समोरच्यावर चालून जातात. विश्राम जागचा हलत नसे, अर्धमिटल्या डोळ्यांनी नुसता बघत राही. चेंडू घेऊन आलेला भलाभला फॉरवर्ड त्याच्यासमोर येऊन घोटाळायचा. या माणसाच्या मनात नक्की काहीतरी डाव आहे, असं त्याला वाटायचं. तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, आणि तेवढ्यात चेंडू आपणच विश्रामच्या काठीला येऊन लागायचा. मी एकदा विचारलं, "अशा वेळी तू काय विचार करतोस रे?"

"जेवनाचा," विश्राम म्हणाला.

नावानं मात्र एकदा त्याला चांगलंच अडचणीत आणलं. पालघरला स्पर्धेचं उद्घाटन होतं. सगळे संघ रांगेत उभे. शाळेचे पीटीचे मास्तर खणखणीत आवाजात ओरडले, "सावधान! विश्राम!" विश्राम पुढे झाला आणि म्हणाला, "हजर." मास्तरांनी त्याला मागे पाठवलं आणि पुन्हा हुकूम दिला. तो पुन्हा पुढे. पाहुण्यांना वाटलं हा सत्काराचा माणूस असेल, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. खऱ्या सत्कारमूर्तीला त्या दिवशी नुसत्या नारळावर समाधान मानावं लागलं.

आता बर्फावरच्या सामन्याचं सांगतो. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. बेहरामशेठ दाढ काढायला मुंबईला गेला होता. तिथे डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यानं एक परदेशी मासिक चाळलं आणि दाढ न काढताच परत आला. गाल सुजलेला, डोळे चमकत होते. आम्हा सगळ्यांना यार्डात गोळा करून म्हणाला, "आपण साला किती मूर्ख! बर्फ आपल्याकडे, हॉकी आपल्याकडे, आणि दोन्ही वेगळं वेगळं ठेवलं! तिकडे कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात."

"तिकडे थंडी असते, शेठ," मी म्हटलं.

"थंडी आपण मशीनमध्ये बनवतो," शेठ म्हणाला. आणि मशीन मीच चालवत होतो.

आठवडाभर आम्ही लाद्या साठवल्या. मग लग्नाचा मांडव घालणाऱ्याला बोलावून यार्डात मोठा मांडव घातला आणि भल्या पहाटेपासून लादीला लादी लावून बर्फाचं अंगण तयार केलं. फटींत भुसा भरला. परदेशी लोक म्हणे पात्यांचे बूट घालतात. ते आम्ही आणणार कुठून? आम्ही पायांना गोणपाट गुंडाळलं आणि वरून सुतळी बांधली. समोर रंगाच्या कारखान्याचा संघ होता. त्यांचा मॅनेजर एका पायावर तयार झाला होता. त्याला वाटलं, चला, थंडाव्यात बसायला मिळेल.

लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला तशी कुंभवली, पाम, बोईसर सगळीकडून माणसं लोटली. आजूबाजूच्या कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगार भिंतीवर चढून बसले होते. त्यांतला एकजण म्हणाला, "गरमी दिमाग़ में चढ़ गई है इन लोगों के." दुसरा म्हणाला, "चुप रह, देखने दे."

पंचानं शिट्टी फुंकली. दोन्ही सेंटर फॉरवर्ड काठीला काठी लावायला वाकले आणि चेंडूला हात न लावता पाठीवर पडले. त्यांना उठवायला गेलेले त्यांच्यावर पडले. पंच शिट्टी वाजवत आला तो शिट्टीसकट आडवा झाला. क्षणभरात बर्फावर एकच माणूस उभा होता. विश्राम. कारण तो जागचा हललाच नव्हता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विश्रामनं मागे वळून मला विचारलं, "काय झालं?"

मग हळूहळू खरा सामना सुरू झाला. आधी एका म्हातारीनं कडेचा एक तुकडा मोडून डोक्यावर पदराखाली ठेवला. तिला आलेलं सुख तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. पाठोपाठ एक बाई पातेलं घेऊन आली. मग हंडे आले, बादल्या आल्या. चहावाल्यानं तर हातगाडीच आणली. आम्ही मधोमध पडत-उठत खेळतोय आणि चहूकडून मैदान लहान होत चाललंय, अशी अवस्था. रंगाच्या कारखान्याच्या बाजूचा एक कोपरा कोणीतरी फडक्यात बांधून नेलासुद्धा. बेहरामशेठ खुर्चीवर चढून किंचाळत होता, "गोल सोडा! बर्फ वाचवा! विश्राम, बर्फ!"

त्याच वेळी मुरबे गावची मंदा आली. ही बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. काष्टा कसलेला, डोक्यावर टोपली, हातात लादी ओढायचा लोखंडी आकडा. ती सरळ आमच्या गोलापुढच्या अर्धवर्तुळात, म्हणजे डीत, चालून आली. विश्राम आडवा आला.

"बाजू हो," मंदा म्हणाली.

"नाय. ही आमची डी हाय."

"डी का फी ती ठेव तुज्याकडं. मला बरफ दे. ऊन बघ कवडं पडलंय, टोपलीत पापलेटं हायत."

विश्रामनं टोपलीत वाकून पाहिलं. कितीही झालं तरी मासेमाराचा पोर. त्यानं एका पापलेटाचे कल्ले उघडून बघितले. "ताजी हायत," तो म्हणाला.

"मंग? ताजीच ऱ्हायला पायजेत का नको?"

अनेक संघांच्या नामांकित फॉरवर्डना जे जमलं नव्हतं, ते या एका प्रश्नानं झालं. विश्राम बाजूला झाला. मला एकदम समोरचं सगळं मैदान दिसलं, आणि खरं सांगतो, मी घाबरलो. इतका उजेड मला सवयीचा नव्हता.

विश्राम नुसता बाजूला झाला नाही. मंदाला जमेना म्हणून तिचा आकडा घेऊन स्वतःच लादी ओढायला लागला. जोर केला, आणि एका पायाचं गोणपाट सुटलं. तो पाठीवर पडला आणि निघाला. काय तो वेग! आयुष्यात जो माणूस धावला नाही, तो यार्डाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाठीवर सुसाट चालला होता. वाटेत त्यानं दोन्ही संघांतली बरीच माणसं पाडली, पंच दुसऱ्यांदा पडला, आणि चेंडू त्याच्या पायाच्या गोणपाटात अडकला. त्या चेंडूसकट विश्राम थेट समोरच्या गोलात जाऊन जाळीत गुंतला.

भिंतीवरचे लोक नाचायला लागले. शेठनं टोपी हवेत उडवली. पंच चारी पायांवर रांगत गोलापाशी गेला, गोणपाट तपासलं, आणि शिट्टी फुंकली. पाय! फाउल. गोल रद्द.

विश्रामचा जन्मातला एकुलता एक गोल असा गेला. पण तो जाळीत पडल्या पडल्या मंदाला विचारत होता, "लादी पुरंल ना?"

नंतर घोट्याएवढं पाणी झालं आणि सामना थांबला. शेठनं त्याच पाण्यात उभं राहून जाहीर केलं की पुढच्या खेपेला सामना जानेवारीत घेऊ. शेठाणीनं मात्र घरी गेल्यावर त्याची दाढ काढायची तारीख तेवढी ठरवली, बाकी काही ठरू दिलं नाही.

त्या दिवसापासून विश्राम सकाळी बाजारात जाऊ लागला. हातात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. फुटलेल्या लाद्यांचे तुकडे, असं तो सांगायचा. मला दिसायचं ना, चांगल्या लाद्या तो स्वतःच फोडायचा. मंदा बर्फ घ्यायची आणि म्हणायची, "हितं उबा ऱ्हाऊ नको. मागचं गिऱ्हाईक दिसत नाय मला." तरीही तो उभाच राहायचा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पावसाळा संपल्यावर लग्न ठरलं.

लग्नाला वऱ्हाड दातिवऱ्याहून मुरब्याला होड्यांतून निघालं. झेंडे लावले होते, बेंजो वाजत होता. नवरदेव मात्र एसटीनं निघाला. वऱ्हाड वेळेवर पोचलं आणि किनाऱ्यावर नवऱ्याची वाट बघत बसलं, कारण एसटी केळव्यापाशी बंद पडली होती. मंदाच्या बापाला वाटलं पोरगं पळालं. मंदा म्हणाली, "पळालं? त्ये? त्याला पळता येत असतं तर मी हो म्हनलं नसतं." अखेर विश्राम मुंडावळ्या बांधून, एका भाजीच्या टेम्पोत मुळ्यांच्या जुड्यांवर बसून आला.

पुढे काही वर्षांनी विश्रामचे गुडघे कुरकुरायला लागले. उभा राहायचा, पण वाकला की वर येईना. एका सामन्यात तो वाकलेलाच राहिला आणि आम्ही त्याला तसाच उचलून बाहेर ठेवला. बेहरामशेठ म्हणाला, "आता तू कोच." विश्राम म्हणाला, "पन मला काय शिकवता येतं?" शेठ म्हणाला, "जे येतं ते शिकव."

त्यानं तेच केलं. त्यानं अकराच्या अकरा जणांना उभं राहायला शिकवलं.

यात सगळ्यांत हाल झाले जिवल्याचे. जिवल्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. भातशेती आटोपली की बर्फाच्या लाद्या चढवायच्या कामाला आमच्याकडे यायचा. सशासारखा पळायचा. अशा माणसाला विश्रामनं मैदानाच्या मधोमध उभं केलं.

"जिवल्या, कुटं निगालास?"

"बॉलमांगं."

"बॉल येईल. त्याला घाई हाय, आपल्याला नाय."

जिवल्याचे पाय वळवळत राहायचे. उभ्या उभ्या तो एवढा थकायचा की लाद्या उचलणं त्याला आराम वाटायला लागला.

शहाऐंशी साली पालघरच्या स्पर्धेत आमचा संघ उतरला. पहिला सामना शून्य-शून्य. जादा वेळ दिला, तरी शून्य-शून्य. अंधार पडला म्हणून पंचांनी नाणं उडवलं. कप्तान जिवल्या. तो म्हणाला, "छापा." छापा पडला. पुढच्या सामन्यातही तेच, अगदी छाप्यासकट. समोरच्या संघांना वेड लागायची पाळी आली. अकरा माणसं बांधावरच्या खजुरीच्या झाडांसारखी उभी. कुठूनही मारा, चेंडू कुणाच्या तरी काठीला लागून परतच येतो. प्रेक्षक घरून चटया आणायला लागले. एकजण घोरत असल्याचं मी गोलातून ऐकलं.

असं करत करत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर मुंबईहून आलेला भारी संघ. शेवटी शेवटी वैतागून त्यांचे सगळे, गोलकीपरसकट, आमच्या बाजूला चालून आले. चेंडू कुणाच्या तरी काठीला लागून उडाला तो जिवल्यापुढे. आणि जिवल्याच्यानं राहवलं नाही. तो सुटला! पुढे सगळं मैदान मोकळं, गोल उघडा. जिवल्या गोलापाशी पोचला, काठी उगारली, आणि बाहेरून विश्राम जिवाच्या आकांतानं ओरडला, "जिवल्या! परत ये!"

जिवल्या थांबला. एकदा गोलाकडे पाहिलं, एकदा कोचकडे. आणि चेंडू घेऊन परत आला.

मुंबईचा गोलकीपर डोक्याला हात लावून खाली बसला. मी मागून ओरडून विचारलं, "विश्राम, का?" तो म्हणाला, "सवय बिगडली असती."

अंधार पडला. नाणं उडालं. छापा.

एकही गोल न करता आम्ही ढाल जिंकली. अध्यक्ष भाषणात म्हणाले की या संघानं संपूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, आणि मग थोडं थांबून पाणी प्यायले. दुसऱ्या वर्षी नियम बदलला. शून्य-शून्य झालं तर दोघांनीही घरी जायचं. त्या वर्षी आम्ही पहिल्याच दिवशी घरी गेलो, पण समोरच्यांनाही बरोबर घेऊन.

जिवल्यानं त्यानंतरच्या मोसमात एकदा कोच चहा प्यायला गेल्याची संधी साधून गोल केला. गोल झाल्यावर काय करायचं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही समोरच्या संघाची माफी मागितली.

नव्वदीनंतर बेहरामशेठ थकला. मुलांना ना बर्फात रस होता, ना हॉकीत. कारखाना बंद झाला, कॉम्प्रेसर भंगारात गेला, आणि मी पामला घरच्या वाडीत चिकू मोजत बसलो. विश्राम दातिवऱ्याला परतला. मंदा मासळीचं बघायची आणि हा ओटीवर बसून समुद्राकडे संशयानं पाहायचा. तेवढ्यात गावच्या शाळेच्या बाई पुष्पलता घरी आल्या आणि म्हणाल्या, "तांडेलभाऊ, मुलींना हॉकी शिकवता का?"

विश्रामनं भरती उतरल्यावरच्या घट्ट वाळूवर पोरींना रांगेत उभं केलं आणि पहिला धडा सुरू केला. "उबं ऱ्हायचं."

त्यात त्याची स्वतःची लेक होती, नवसी. आईच्या वळणावर गेलेली. ती म्हणाली, "का?"

विश्रामला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तो उत्तर शोधत होता तोवर पोरी चेंडू घेऊन पार टोकाला पोचल्या होत्या. तो मागून ओरडला, "परत या!" लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू गेलं असेलही.

त्या पोरींचा पालघरला पहिला सामना झाला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. असा सामना मी कधी पाहिला नव्हता. एक पोरगी मागे थांबत नव्हती. गोलकीपरसुद्धा मधूनमधून पुढे जाऊन चेंडू मारून येत होती. विश्राम बाहेर उभा राहून दोन्ही हातांनी डोळे झाकायचा, बोटांच्या फटीतून बघायचा, पुन्हा झाकायचा. मंदा शेजारी उभी राहून ओरडत होती, "नवसे, हान! बापाकडं बगू नको!" शेवटी आमच्या पोरी सात-सहानं हरल्या.

मला वाटलं, झालं, आता हा माणूस हाय खाऊन आजारी पडणार. मी समजूत घालायला त्याच्याजवळ गेलो. विश्रामच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवत म्हणाला, "बळवंता, सा गोल! आपल्या बाजूनं सा! मोजलेस का तू?"

"आणि खाल्ले सात," मी म्हटलं.

"त्ये जाऊ दे रे," तो म्हणाला, आणि गुडघ्यांचं भान न ठेवता पोरींकडे पळत सुटला.